पावसाळ्यात रिकामी करू नये

चारुताने चिंबोरीचा नांगा न फोडताच ताटात परत ठेवला, आणि तेव्हापासून सुनंदाच्या जिवाला जो घोर लागला तो काही केल्या जाईना. नांगा टाकून उठणारी ही मुलगी नव्हे. बापाच्या ताटातला नांगासुद्धा ‘बाबा, तुमचे दात हलतात’ म्हणून पळवणारी. तीच रविवारी दुपारी अर्ध्या ताटावरून उठली, हात धुतले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर पाऊस लागला होता. खांदा कॉलनीत श्रावणात पाऊस पडतो, यात बघण्यासारखं काय आहे? पण ती बघत होती. सोमवारी ऑफिसला निघण्याआधीही तशीच बघत उभी होती. जवळचं कुणीतरी दवाखान्यात आहे आणि तिथून फोन यायचा आहे, अशी.

अशा वेळी आईच्या मनात जे जे येतं ते सगळं सुनंदाच्या मनात येऊन गेलं. मुलगी एकोणतीस वर्षांची, अजून लग्नाचं नाव नाही, दोन वर्षांत वजन उतरलेलं, डोळ्यांखाली कायमची काळी रेघ. तिने सकाळी डबा भरता भरता विचारून टाकलं, “कुणी आहे का गं?”

“असता तर बरं झालं असतं, आई. त्याच्यावर ढकललं असतं सगळं,” असं म्हणून चारुता चपला घालून निघून गेली.

अवधूत, म्हणजे सुनंदाचा नवरा, द्रोणागिरीच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती आणि तो घरी येऊन नुकताच आडवा झाला होता. सुनंदाने त्याला उठवून काळजी सांगितली, तर त्याने उशी डोक्यावर ओढली. “नोकरी आहे ती. नोकरीत माणूस दमतो. मी बत्तीस वर्षं दमलोय, माझ्या ताटात कोण वाकून बघतं?”

सुनंदा स्वयंपाकघरात गेली आणि उरलेल्या कालवणाला उकळी आणत पुन्हा पुन्हा तेच आठवत राहिली. जेवताना असं झालं तरी काय होतं? विशेष काहीच नाही. तिने फक्त रंभाने सांगितलेली बातमी सांगितली होती.

रंभा त्यांची नेहमीची मासळीवाली. उरणच्या बाजूला खाडीकाठी सांदखार नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथून ती पहाटे निघायची आणि सेक्टरच्या नाक्यावर पाटी मांडून बसायची. जून-जुलैत समुद्र बंद असला की खाडीतली बोय, कोलंबी, चिंबोऱ्या घेऊन यायची. श्रावणात तिच्यापुढून लोक मान फिरवून जात, म्हणून सुनंदावर तिचा विशेष लोभ.

“श्रावनात तुमी एकल्याच गिऱ्हाईक, ताई. बाकीच्या बाया बघा, मना बघून रस्ता बदलतात.”

“आमचा श्रावण सोमवारपुरता,” सुनंदा म्हणाली. “बाकीचे दिवस चिंबोऱ्यांचे.”

“मंग आज जास्तीच्या न्या. मंगलवारी मी येयाची नाय. टाकी धुवाची हाय गावची. बुधवारी पुनव ना, नारल सोडाच्या आदल्या दिशी धुतोच आमी.” मग चिंबोरीचे पाय बांधता बांधता ती हसली. “तुमच्या पोरीला सांगा, तिची टाकी कशी लखलखीत करतो ती. पयलाच साल हाय.”

सुनंदाने ही बातमी घरी आणली ती कौतुकाने. ताटं वाढली आणि म्हणाली, “अगं, तुझी टाकी परवा धुणार आहेत. सगळ्या बायका मिळून. पार रिकामी करून घासणार म्हणे.”

तेव्हाच नांगा ताटात परत आला होता.

ती टाकी चारुताची, हे खरंच होतं. म्हणजे निदान या घरापुरतं आणि रंभाच्या पाटीपुरतं खरं होतं. नकाशावर चारुताचं नाव कुठेच नव्हतं. तिथे सही होती निनाद सरांची.

चारुता स्ट्रक्चरल इंजिनिअर. पनवेल स्टेशनच्या बाजूला, खाली मिठाईचं दुकान असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर निनाद सरांचं ऑफिस. तिथे ती आणि आणखी दोघं काँक्रीटच्या पाण्याच्या टाक्यांची डिझाइनं करत. करंजाड्याच्या सोसायट्यांच्या, शाळांच्या, गावांच्या टाक्या. उंच खांबांवरच्या, जमिनीवरच्या, जमिनीतल्या. कॉलेजात असताना सगळ्यांना उंच टॉवर बांधायचे होते, चारुतालाही. मग नोकरी लागली ती टाक्यांच्या ऑफिसात, आणि हळूहळू तिला त्यांचा लळा लागला. लॉकडाऊनमध्ये तिचं काम घरी, डायनिंग टेबलावर आलं, तेव्हा सुनंदाने ते प्रथम पाहिलं. पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघांचा एक पिंजरा. त्याच्या भिंतींवर बाण, तळाखाली स्प्रिंगांची रांगच रांग.

“हे काय गादीसारखं?” सुनंदाने विचारलं होतं.

“ती जमीन आहे. जमीन दबते ना थोडी, म्हणून स्प्रिंग. कुठे किती दबेल ते सांगायला लागतं.”

“कोणाला?”

“कॉम्प्युटरला. त्याला काही माहीत नसतं, आई. आपण जे सांगू तेवढंच तो खरं मानतो.”

सुनंदा पदवीधर होती, बरीच वर्षं तिने घरी शिकवण्या घेतल्या होत्या. गणित तिला परकं नव्हतं. तरी त्या पिंजऱ्यात मुलगी इतकी कशी रमते हे तिला कळायचं नाही. पण रमायची. पाण्याचा दाब तळाशी सगळ्यात जास्त, म्हणून भिंत खाली जाड आणि वर बारीक. चीर केसाएवढीसुद्धा चालत नाही, कारण इमारतीला चीर गेली तर ती नुसती दिसते, टाकीला गेली तर ती गळते. असं काय काय भाजी निवडता निवडता सांगायची. त्या दिवसांत तिच्या बोलण्यात जोर असायचा. तो केव्हा ओसरला ते सुनंदाच्या लक्षातही आलं नाही. कामं वाढली, माणसं तेवढीच राहिली, सर ‘आज संध्याकाळपर्यंत’ म्हणू लागले. चारुता घरी आली की सोफ्यावर पर्ससकट बसायची आणि तिथेच डोळे मिटायची. विचारलं की म्हणायची, “काही नाही, एका टाकीचा तळ चालूए डोक्यात.”

सांदखारची टाकी तिने मागून घेतली होती. गावची जुनी विहीर खारी झाली होती. आजूबाजूला भराव पडले, खाडीचं पाणी कुठून कसं वळलं देव जाणे, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. मग धरणाची पाइपलाइन आली आणि तिचं पाणी साठवायला गावात जमिनीत टाकी बांधायचं ठरलं. ते काम निनाद सरांकडे आल्याचं कळताच चारुता म्हणाली, “सर, हे मी करते. आमची मासळीवाली तिथली आहे.” सर हसले होते. “मग उधारीवर मासळी मिळेल तुला.” आणि रंभाला जेव्हा सुनंदाने हे सांगितलं, तेव्हा तिने भर नाक्यावर कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली होती आणि दोन बोयी फुकट टाकल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी चारुता लवकर आली. छत्री होती तरी अर्धी भिजलेली. सुनंदाने टॉवेल दिला, चहा दिला, आणि समोर खुर्ची ओढून बसली.

“आता सांग. त्या टाकीचं काय आहे?”

“काही नाही.”

“चारुता, मी तुझी आई आहे, तुझे सर नाही. मला ‘काही नाही’ सांगू नकोस.”

चारुताने कप खाली ठेवला. मग उठली, न्हाणीघरातली पाण्याने भरलेली बादली आणून तिने ओट्याखाली ठेवली आणि रॅकवरचा रिकामा स्टीलचा डबा आणला.

“हा दाब पाण्यात.”

सुनंदाने दाबला. डबा खाली जाईना. जोर लावला तर कलंडून वर आला.

“आता यात पाणी भर.”

भरला. डबा मुकाट्याने तळाशी गेला.

“झालं,” चारुता म्हणाली. “हेच आहे. लोकांना वाटतं, टाकी भरली की धोका. जमिनीतल्या टाकीचं उलट असतं. भरलेली ती शहाणी. रिकामी झाली की ती होडी.”

“पण ती जमिनीत आहे. पाण्यात कुठे आहे?”

“श्रावणात सांदखारची जमीन म्हणजे पाणीच. तिथली माती चिकट, मळलेल्या कणकेसारखी. त्यात आपण खड्डा खणतो, टाकी बांधतो, कडेने मुरूम टाकतो. ती चिकणमाती पाणी सोडत नाही, मुरमात पाणी जातं. म्हणजे खड्ड्याची झाली कढई. दोन महिन्यांचा पाऊस त्या कढईत साचलाय. वर उधाणाची भरती. अशात टाकी पूर्ण रिकामी केली, तर खालून पाणी तिला उचलणार. अख्खी वर येईल असं नाही. एक कोपरा हलेल. पण तेवढ्यात पाइप तुटतात, तळ तडकतो. मग ती कायमची गेली. त्यांची विहीर तर आधीच गेलीये.”

“आणि आत बायका असतील.”

“हो,” चारुता म्हणाली. “आत बायका असतील.”

कुकरची शिट्टी झाली. सुनंदाने गॅस बंद केला आणि पाठमोरीच विचारलं, “मग तू हे धरलं नव्हतंस का? तुझ्या त्या पिंजऱ्यात?”

चारुताला हा प्रश्न अपेक्षित असावा, कारण तिचं उत्तर तयार होतं, आणि ते तिने स्वतःलाच अनेकदा दिलेलं असावं, इतकं ते सपाट होतं. मातीची तपासणी मे महिन्यात झाली. मेमध्ये जमिनीतलं पाणी खोल होतं. तिने सरांना म्हटलं, पावसाळ्यातलं एकदा मोजून घेऊ. सर म्हणाले, तेवढा वेळ कोणाकडे आहे, तू पाणी एक मीटर वर धर. तिने एक मीटर वर धरलं. तरीही मनाला खात्री नव्हती म्हणून तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर हातभर वाढवला. त्या बाहेर आलेल्या पट्टीवर मातीचं ओझं बसतं आणि टाकी जागेवर दाबून राहते. ठेकेदाराने कळवलं, शेजारी देवळाची जागा आहे, पट्टी तिथे जाते, गाव ऐकत नाही. पट्टी गेली. मग सर म्हणाले, नकाशावर टीप टाक. तिने टाकली. पावसाळ्यात टाकी रिकामी करू नये.

“मराठीत लिहिलीस?”

“मराठीत. मुद्दाम. ठळक.”

“मग त्यांनी वाचली का नाही?”

चारुता पहिल्यांदाच हसली, पण ते हसू बघवेना. “आई, तू मिक्सरवरच्या सूचना वाचतेस?”

मग म्हणाली, “आणि मला काय माहीत, ते टाकीला विहीर समजतील. मी धरलं होतं, टाकी धुतात ती उन्हाळ्यात. सगळीकडे उन्हाळ्यातच धुतात.”

सांदखारात मात्र नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी गावची विहीर उपसायची रीत होती. जुनं पाणी घेऊन नव्या सालात जायचं नाही, नव्या पाण्यात शिजवलेलाच नैवेद्य दर्याला दाखवायचा. पंप नव्हते तेव्हा घागरींनी उपसायचे. मग बायका शिडीने उतरून नारळाच्या किशीने, म्हणजे काथ्याने, आतले दगड घासायच्या आणि दुपारपर्यंत झऱ्यांनी विहीर पुन्हा भरून यायची. रंभाने हे सुनंदाला कितीदा तरी सांगितलं होतं, अगदी रंगवून. विहीर खारी झाली तेव्हा रीत कुठे ठेवायची हा प्रश्न पडला असणार. टाकी आली, रीत टाकीवर गेली. यात त्यांचं काय चुकलं? विहीर उपसली की बाहेरचं पाणी आत येतं. टाकीत त्याला येता येत नाही. मग आत येता न आलेलं पाणी काय करतं, हे सांदखारात कोणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

“मग सांग ना त्यांना!” सुनंदा म्हणाली.

“काल दुपारपासून तेच करतेय. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, मॅडम, टाकी ताब्यात दिली, आता आमचा संबंध नाही. ग्रामसेवक सुट्टीवर. आणि सरांना आज सकाळी गेल्या गेल्या सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“थांब, पुन्हा विचारते. तूही ऐक.” तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या क्षणी सुनंदाला वाटलं, आता काहीतरी मार्ग निघेल. निनाद सरांना ती ओळखत होती. दिवाळीला घरी आले होते, चकली मागून खाल्ली होती. वाईट माणूस नव्हता. मुलीला साइटवर कसं पाठवायचं म्हणून दोन ऑफिसांनी नकार दिला होता तेव्हा यांनीच चारुताला घेतलं होतं.

“बोल गं,” सरांचा आवाज आला. मागे टीव्ही चालू होता. “पुन्हा सांदखार?”

“सर, उद्या सकाळी ते पंप लावणार. मी फक्त एक फोन करते सरपंचांना. छातीइतकं पाणी आत ठेवा म्हणते. तेवढं राहिलं तरी काही होणार नाही, मी आज परत मांडून बघितलं.”

“टीप आहे ना नकाशावर?”

“आहे, पण…”

“मग विषय संपला. हे बघ चारुता, तू फोन केलास की तो ऑफिसचा फोन होतो. उद्या त्या भिंतीला नुसता ओलसर डाग आला तरी लोक म्हणतील, इंजिनिअर स्वतःच घाबरून फोन करत होती. मग ते सगळं आपल्या गळ्यात. आणि होत नाही गं काही. बाजूच्या मातीचं घर्षण असतं, तेही टाकीला जागेवर ठेवतं, ते आपण हिशोबात धरतच नाही. मी कितीतरी टाक्या अशा बघितल्यात.”

“पावसाळ्यात रिकाम्या, सर?”

टीव्हीचा आवाज कमी झाला.

“तुझं अनुभवाचं सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात द्यायचंय ना मला? लायसन्ससाठी?” सर म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, कंटाळा होता. “मग शांतपणे झोप आज. तू दमलीयेस. मीही दमलोय.”

ते सर्टिफिकेट म्हणजे काय ते सुनंदाला ठाऊक होतं. ते मिळालं की पालिकेकडे अर्ज, मग लायसन्स, मग चारुताच्या नकाशांवर चारुताची सही. याच एका गोष्टीसाठी मुलीने हे ‘आज संध्याकाळपर्यंत’ निभावून नेलं होतं.

“रंभाचा नंबर आहे माझ्याकडे,” सुनंदा हळूच म्हणाली.

“माहितीये.”

“मग?”

“नको. तू मध्ये पडू नकोस, आई.” चारुताचा आवाज चढला. “तू सांगशील टाकी रिकामी करू नका, की रात्रीत गावभर होईल, टाकी कच्ची आहे. मग ते पाणी कोण पिणार? पुन्हा टँकर? आणि रंभामावशी विचारेल, ताई, तुमच्या पोरीने अशी कशी बांधली. तेव्हा तू काय सांगणार?”

“तू चुकलीस असं कुठे म्हणतेय मी?”

“तू नाही म्हणत. मी म्हणतेय.” मग ती एकदम खाली बसली, जमिनीवरच, बादलीला टेकून. “मी ती पट्टी जाऊ द्यायला नको होती. एवढंच. त्या दिवशी सरांशी भांडायचं त्राण नव्हतं. तीन टाक्या द्यायच्या होत्या. मी म्हटलं, जाऊ दे, टीप टाकू.”

सुनंदा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. केस ओलेच होते.

“माझं गणित चुकलेलंही असेल,” चारुता पुटपुटली. “मी जरा जास्तच वाईट धरते सगळं. सर म्हणतात तसं घर्षण असेलही. नाही का?”

हे ती आईला विचारत होती. जिने टाक्यांचा ‘ट’सुद्धा शिकलेला नाही अशा आईला. सुनंदाला त्यावरून कळलं, की मुलगी आता गणित करत नाहीये, फक्त कुणीतरी ‘हो’ म्हणावं याची वाट बघतेय.

तिने ‘हो’ म्हटलं नाही. म्हणाली, “जरा पड तू. वरणभात झाला की उठवते.”

चारुता सोफ्यावर जाऊन पडली आणि पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. ऑफिसचे कपडे तसेच, एक हात खाली लोंबकळत.

सुनंदाने बादली उचलून परत न्हाणीघरात नेली, डबा पुसून रॅकवर ठेवला, ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. साडेसात-आठचा सुमार. सांदखारात लोक आता जेवत असतील. रंभाला पहाटेची सवय; ती नऊच्या आत निजते.

अवधूतला विचारावं असं तिच्या मनात आलं. पण तो कामावर पोचलेला, गोदामात फोन लागला तर लागला. आणि लागला तरी तो काय म्हणणार हे तिला पाठ होतं. ‘आपण कशाला?’ वाईट सल्ला नव्हे तो. याच सल्ल्यावर त्यांचं घर उभं राहिलं होतं, हप्ते फिटले होते, मुलगी शिकली होती.

मग तिला दुसरा रस्ता सुचला. खरं सांगायलाच हवं असं कुठे आहे? रंभाला फोन करावा, म्हणावं, अगं, पालिकेच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, या आठवड्यात धरणाचं पाणी बंद राहणार आहे, टाकी रिकामी करू नका, सणाला पाणी मिळायचं नाही. रंभा विश्वास ठेवील. गाव घाबरून एक थेंब सोडणार नाही. सर्टिफिकेट शाबूत, चारुताचं नाव शाबूत, टाकी शाबूत. सुनंदाला आपल्या हुशारीचं जरा नवलच वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं. तिने तांदूळ धुवायला घेतले.

तांदळाचं दुसरं पाणी ओतताना तिला पुढच्या वर्षीची पुनव दिसली. पुढच्या वर्षी काय सांगायचं? पुन्हा धरण बंद? आणि त्याच्या पुढच्या वर्षी? रंभा थकेल, पाटी घेऊन यायची बंद होईल, तिची सून यायला लागेल किंवा कुणीच येणार नाही. नंबर बदलेल. पण रीत बदलायची नाही. ती टाकी पुढची कितीतरी वर्षं तिथे राहणार, आणि दर श्रावणात कुणीतरी पंप लावायला येणार. पन्नास-साठ वर्षं टिकते म्हणाली होती चारुता. तेवढ्या वर्षांना पुरेल इतकं खोटं सुनंदाकडे नव्हतं. आणि मुलगीही तेवढी सगळी वर्षं श्रावण आला की या खिडकीशी उभी राहणार. लायसन्स खिशात घेऊन.

तिने वाकून सोफ्याकडे पाहिलं. झोपेतही चारुताच्या कपाळाला आठी होती.

उठवून विचारावं का? विचारलं तर ती पुन्हा ‘नको’च म्हणेल. आणि ‘नको’ म्हटल्यावर, तरीही फोन केला, तर तो विश्वासघात. न विचारता केला तरी विश्वासघातच, पण दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणण्याचा भार तरी पोरीच्या डोक्यावर राहणार नाही. सर चिडतील तेव्हा तिला खरंच सांगता येईल, ‘सर, मी फोन केला नाही.’ सर मानतील की नाही ही पुढची गोष्ट. नाही मानले तर सर्टिफिकेट गेलं. त्यासाठी दमून काढलेली दोन वर्षं गेली. मुलगी बोलेनाशी होईल, काही दिवस, कदाचित बरेच. सुनंदाने हे सगळं एकेक करून मनाशी मांडलं, आणि त्याचं उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. पण दुसऱ्या बाजूला शिडीने टाकीत उतरणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांत सगळ्यात पुढे, पदर खोचून, किशीचा बोळा हातात घेतलेली रंभा असणार होती. पयलाच साल हाय म्हणत.

तिने हात कोरडे केले. फोन घेऊन ती मागच्या गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं. पाऊस थांबला नव्हता, फक्त बारीक झाला होता. काय बोलायचं ते तिने एकदा मनात जुळवून पाहिलं. टाकी कच्ची नाही, रंभा. भरलेली असेल तर तिला काही होत नाही. पण पावसाळ्यात ती पूर्ण उपसायची नाही, कधीच नाही. छातीइतकं पाणी आत हवंच. धुवायची ती उन्हाळ्यात. यंदाच्या नैवेद्याला सकाळी पाइपाचं येतं ते ताजं पाणी घ्या, नवंच असतं ते. आणि हे तू एकटीने ऐकून ठेवू नकोस, सरपंचांना दे फोन, त्यांनाही मी सांगते. नकाशावर लिहिलेलं आहे, त्यांना काढून बघायला सांग. कोणी विचारलं, कोण सांगतंय, तर माझं नाव सांग.

रंभा पहिल्यांदा हसेल. मग विचारील. विचारलंच, तर पट्टीचंही सांगावं लागेल.

सुनंदाने नंबर काढला. तो ‘रंभा मासळी’ नावाने साठवलेला होता. आजवर या नंबरावर ती फक्त ‘उद्या काय आणणार’ एवढंच विचारत आली होती. तिने एकदा दाराच्या फटीतून आत पाहिलं, चारुता हलली नव्हती; आणि तिने फोन लावला.